आम्लाची वाट : पाताळगंगेच्या खोऱ्यातील झडपांचा इतिहास

बोरघाटाच्या पायथ्याशी, खोपोलीला लागून असलेले साजगाव हे रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यातील गाव पाताळगंगेच्या खोऱ्यात वसलेले आहे, आणि या खोऱ्याच्या गेल्या शतकभराच्या इतिहासाकडे वाहत्या पदार्थाला आवर घालण्याचा इतिहास म्हणूनही पाहता येते. विसाव्या शतकाच्या आरंभी येथे घाटमाथ्यावरचे पाणी नळांतून प्रचंड दाबाने खाली आणले गेले आणि त्याला रोखण्यासाठी जाड पोलादाची गरज पडली. त्यानंतर सुमारे पन्नास वर्षांनी याच खोऱ्यातील कारखान्यांच्या नळांतून आम्ले वाहू लागली, ज्यांचा दाब त्या पाण्याच्या तुलनेत नगण्य होता, परंतु ज्यांच्यापुढे पोलादाच्या जाडीचा काहीच उपयोग नव्हता. पहिल्या प्रश्नाचे उत्तर धातूच्या बळात होते. दुसऱ्याचे उत्तर रबराच्या एका लवचीक पडद्यात आणि पुढे प्लॅस्टिकच्या देहात सापडले. हे स्थित्यंतर ज्या वस्तूमुळे घडले, ती पडद्याची झडप, म्हणजे कारखान्यातील कामगारांच्या तोंडचा ‘डायफ्रॅम व्हॉल्व्ह’, इतकी साधी आहे की उद्योगांच्या इतिहासात तिला सहसा जागाच मिळत नाही.

कारखाने येण्यापूर्वी हे खोरे देश आणि कोकण यांच्यामधील वाटेवरचे होते. घाटावरून धान्य, मिरची, तेल खाली येई आणि कोकणातून मीठ, भात आणि सुकी मासळी वर जाई. साजगाव-ताकई येथील विठ्ठलाच्या देवस्थानाला ‘धाकटी पंढरी’ म्हणतात, आणि तेथे कार्तिकी एकादशीपासून भरणाऱ्या जत्रेत सुक्या बोंबलांचा बाजार इतका मोठा असतो की देवालाच ‘बोंबल्या विठोबा’ असे नाव पडले आहे; संत तुकाराम मिरचीच्या व्यापारासाठी या बाजारात येत असत, असे स्थानिक परंपरा सांगते. १८५६ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा फाटा पळसदरीवरून खोपोलीपर्यंत आला आणि १८६३ मध्ये बोरघाटाचा लोहमार्ग पूर्ण होईपर्यंत पुण्याकडे जाणारे प्रवासी येथे उतरून पालखीने किंवा पायी घाट चढत. या जुन्या व्यापारातील मीठ ही वस्तू या लेखात पुन्हा दोन वेळा येणार आहे, कारण पुढे या खोऱ्यात आलेले एक आम्ल आणि त्या आम्लाला दाद न देणारे एक प्लॅस्टिक, या दोहोंचे मूळ मिठातच आहे.

खोऱ्यातील पहिला मोठा उद्योग पाण्याचा होता. लोणावळ्याच्या परिसरात धो-धो कोसळणारा पाऊस धरणांत साठवून, घाटाच्या कड्यावरून खाली सोडून त्यावर वीज निर्माण करावी आणि ती मुंबईच्या कापड गिरण्यांना पुरवावी, ही जमशेटजी टाटा यांची कल्पना त्यांच्या निधनानंतर, १९१० साली स्थापन झालेल्या टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनीने प्रत्यक्षात आणली. खोपोलीच्या वीजगृहाचे उद्घाटन फेब्रुवारी १९१५ मध्ये मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते झाले. येथे पाणी सुमारे ५२५ मीटर उंचीवरून उतरते, म्हणजेच नळाच्या तळाशी दर चौरस सेंटिमीटरवर पन्नास किलोग्रॅमहून अधिक भार पडतो, आणि असा प्रवाह बंद किंवा खुला करणारी झडप जितकी भक्कम तितकी चांगली, हा नियम येथे निरपवाद होता. पाठोपाठ १९२२ मध्ये कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे आणि १९२७ मध्ये दक्षिणेकडे भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले.

या वीजगृहाचा एक परिणाम विजेइतकाच दूरगामी ठरला. टर्बाइन फिरवून झाल्यावर बाहेर पडणारे पाणी पाताळगंगेत सोडले जात असल्यामुळे, एरवी पावसाळा संपला की आटत जाणाऱ्या या नदीला बारमाही प्रवाह मिळाला. वीज, बारमाही पाणी, लोहमार्ग आणि मुंबई-पुणे रस्ता, इतक्या गोष्टी एकाच ठिकाणी असल्यावर तेथे कारखाने येणार हे उघड होते. आश्चर्य वाटते ते त्यांना यायला आणखी पंचेचाळीस वर्षे लागली याचे. तोपर्यंत कर्जतच्याच लोहमार्गावर अंबरनाथ येथे १९१९ साली स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी केमिकल कंपनीने गंधकाम्लाचे उत्पादन उभे केले होते. त्या पिढीतील आम्लाची हाताळणी काच, चिनी माती आणि शिसे या तीन पदार्थांवर विसंबून असे : वाहतुकीसाठी काचेचे बुधले, साठवणीसाठी चिनी मातीच्या बरण्या आणि निर्मितीसाठी शिशाचे अस्तर लावलेली दालने. यांतील एकही पदार्थ चांगली झडप घडवण्याजोगा नव्हता, कारण काच आणि चिनी माती ठिसूळ असतात आणि शिसे इतके मऊ असते की ते स्वतःच्याच वजनाने लोंबते.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याची स्थापना झाली आणि त्यानंतरच्या दशकात तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचा, म्हणजे आजच्या रायगडचा, हा भाग झपाट्याने बदलला. डिसेंबर १९६० मध्ये केंद्र सरकारच्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स या कंपनीची नोंदणी झाली आणि तिच्या कारखान्यासाठी पाताळगंगेच्या काठची जागा निवडली गेली. तेथे वसलेल्या वसाहतीला ‘रसायनी’ हेच नाव मिळाले. खोपोलीत मद्यार्कापासून रसायने बनवणारी इंडियन ऑरगॅनिक केमिकल्स, पोलादी नळ्या बनवणारी झेनिथ आणि फ्रान्सच्या युजीन कंपनीच्या सहकार्याने १९६२ मध्ये स्थापन झालेली, मिश्र पोलाद बनवणारी महिंद्र युजीन हे कारखाने आले. त्याच वर्षी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि पुढे पाताळगंगेच्या काठीही त्याचे औद्योगिक क्षेत्र उभे राहिले.

यांतील पोलादाच्या कारखान्यांचा आम्लाशी असलेला संबंध सामान्य वाचकाला चटकन लक्षात येत नाही, म्हणून तो थोडा विस्ताराने सांगितला पाहिजे. तापवून लाटलेल्या पोलादावर हवेतील प्राणवायूमुळे काळसर ऑक्साइडची खपली धरते. नळीवर जस्ताचा थर चढवायचा असेल, म्हणजे तिचे गॅल्व्हनायझिंग करायचे असेल, तर सुमारे ४५० अंश सेल्सिअस तापमानाच्या वितळलेल्या जस्तात ती बुडवण्यापूर्वी ही खपली पूर्ण निघाली पाहिजे, नाहीतर जस्त पोलादाला धरत नाही. त्यासाठी नळ्या हायड्रोक्लोरिक आम्लाच्या टाकीत ठेवतात, आणि या क्रियेला ‘पिकलिंग’ म्हणतात. हे आम्ल मिठापासून मिळणाऱ्या क्लोरिनचे बनते. बाजारात ते साधारण तीस ते तेहतीस टक्के तीव्रतेचे मिळते आणि पाणी घालून सौम्य करून वापरले जाते. जे आम्ल पोलादावरची खपली काढण्यासाठीच आणलेले आहे, ते पोलादाच्या नळातून आणि पोलादाच्या झडपेतून नेता येत नाही, ही या व्यवसायाची मूळ अडचण होती. गंज न धरणारे म्हणून नावाजलेले स्टेनलेस स्टीलही येथे निरुपयोगी ठरते, कारण त्याच्या पृष्ठभागावरचे संरक्षक कवच क्लोराइडपुढे टिकत नाही.

धातूच्या नेहमीच्या झडपेत आणखी एक दोष होता, आणि तो तिच्या रचनेतच होता. दरवाजासारखी वरखाली होणारी पाटी एका दांड्याला जोडलेली असते. हा दांडा झडपेच्या आतून बाहेरच्या चाकापर्यंत येतो, आणि तो जेथून बाहेर पडतो त्या भोकाभोवती ‘ग्लँड’ असते, म्हणजे दोरीसारखे भरण ठासून दाबलेली जागा. दांडा फिरत राहतो, भरण झिजते आणि तेथून द्रव पाझरू लागतो. पाणी पाझरले तर जमीन ओली होते. आम्ल पाझरले तर ते दांडा खाते, नटबोल्ट खाते, खालचे काँक्रीट खाते आणि चाक फिरवणाऱ्या माणसाच्या हातापर्यंत पोचते.

या दोषावरचा उपाय आम्लाच्या कारखान्यात नव्हे, तर दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींत सुचला. तेथे यंत्रे चालवण्यासाठी दाबाखालची हवा नळांतून खोलवर नेली जाई आणि झडपांच्या ग्लँडमधून ती सतत निसटत राही. ही नासाडी पाहून पी. के. साँडर्स या अभियंत्याने १९२८ साली अशी झडप तयार केली की जिच्यात दांडा वाहत्या पदार्थाला स्पर्शच करत नाही. तिची रचना भातशेती पाहिलेल्या वाचकाला सहज समजेल. झडपेच्या देहात, प्रवाहाला आडवा असा एक बुटका बांध असतो, खाचराच्या बांधासारखा. त्याच्यावर रबराचा पडदा ताणून बसवलेला असतो आणि त्याच्या कडा देह व वरचे झाकण यांच्यामध्ये घट्ट आवळलेल्या असतात. चाक फिरवले की दांडा पडद्याला वरून दाबतो, पडदा खाली वाकून बांधावर टेकतो आणि प्रवाह थांबतो. चाक उलट फिरवले की पडदा उचलला जातो आणि द्रव बांधावरून वाहू लागतो. दांडा, त्याचे आटे आणि वंगण हे सर्व पडद्याच्या वर, कोरड्या भागात राहते. ग्लँडची गरजच उरत नाही, आणि पडदा मऊ असल्यामुळे द्रवात थोडा गाळ किंवा खपलीचे कण असले तरी तो त्यांच्याभोवती बसून वाट बंद करतो. देशावरच्या विहिरींवर चालणाऱ्या सोंडेच्या मोटेत कातड्याची मऊ सोंड दोरीने वर ओढून पाणी अडवत आणि सैल सोडून ते थारोळ्यात ओतत. कडक वस्तूऐवजी लवचीक वस्तूने प्रवाह राखण्याची ही युक्ती त्या मोटेला जवळची आहे.

साँडर्सच्या कंपनीने ब्रिटनमध्ये या झडपांचे उत्पादन सुरू केले आणि रसायन उद्योगाने त्या लवकरच उचलल्या, कारण पडदा रबराचा आहे तर उरलेल्या देहालाही आतून रबराचे अस्तर देता येईल, हे उघड होते. बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, देहाला आतून कडक किंवा मऊ रबराचे अस्तर दिलेली झडप ही मधल्या काळातील आम्लवाहिन्यांची ठरलेली सोबतीण होती. बीड आकार आणि बळ देई, रबर आम्ल झेली. भारतातही पाण्यातील क्षार काढून ते बाष्पकात वापरण्याजोगे करणाऱ्या संयंत्रांत, जेथे क्षार धरून ठेवणारे राळेचे मणी पुन्हा कार्यक्षम करण्यासाठी हायड्रोक्लोरिक आम्ल आणि कॉस्टिक सोडा सोडावा लागतो, हीच झडप रूढ झाली. पण ही जोडी एका सूक्ष्म भोकापुरतीच सुरक्षित होती. अस्तर बसवताना टाचणीच्या टोकाइतके छिद्र राहिले किंवा अस्तराखाली हवेचा फुगा राहिला, की आम्ल तेथून बिडापर्यंत पोचे आणि देह आतून पोखरला जाई; बाहेरून रंग शाबूत दिसत असताना आतले लोखंड संपलेले असे. बाहेरच्या बाजूनेही सुटका नव्हती, कारण पिकलिंगच्या टाक्यांवरून उठणारी आम्लाची वाफ झडपेचे कवच, बोल्ट आणि चाक खात राही.

प्लॅस्टिकने हा दुहेरी देहच नाहीसा केला. पॉलिव्हिनाइल क्लोराइड, म्हणजे पीव्हीसी, हा पदार्थ एकोणिसाव्या शतकातच ज्ञात झाला होता, परंतु त्याचे नळ जर्मनीत १९३० च्या दशकात घालण्यात आले, आणि युद्धोत्तर काळात धातूच्या टंचाईने व कारखान्यांच्या गरजेने त्याचा वापर वाढला. वजनाने जवळजवळ सत्तावन्न टक्के क्लोरिन असलेल्या या प्लॅस्टिकचे मूळ अर्धेअधिक मिठात आहे. हायड्रोक्लोरिक आम्लाचेही तसेच. कोकणच्या मिठागरांतून घाट चढून जाणाऱ्या मिठाच्या रासायनिक कुळातील ही दोन भावंडे पुढे त्याच वाटेवर एकमेकांसमोर उभी राहिली, आणि त्यांतील एकाला दुसऱ्याची बाधा होत नाही, हा योगायोग या खोऱ्यापुरता तरी फार अर्थपूर्ण आहे.

भारतात पीव्हीसीचे उत्पादन १९६१ मध्ये मुंबईत कॅलिको मिल्सने सुरू केले, म्हणजे खोपोली-रसायनीचे कारखाने आणि देशी पीव्हीसी हे समवयस्क आहेत. तरीही नळाइतकी झडप सोपी नव्हती. नळ यंत्रातून सलग बाहेर पडतो, पण झडपेचा देह साच्यात ओतावा लागतो, त्यातील बांधाचा आकार नेमका यावा लागतो आणि पडदा ज्या कडेवर बसतो ती कड वर्षानुवर्षे सपाट राहावी लागते. दरम्यान इतर पदार्थही पुढे आले होते. इटलीत जुलिओ नाता यांनी १९५४ मध्ये पॉलिप्रॉपिलीन तयार केले, जे पीव्हीसीपेक्षा अधिक उष्णता सोसते. भारतात ते बडोद्याच्या इंडियन पेट्रोकेमिकल्सने १९७८ च्या सुमारास बनवू लागल्यावर आणि पुढे याच रायगड जिल्ह्यातील नागोठण्याच्या संकुलातून मिळू लागल्यावर आवाक्यात आले. अमेरिकेत रॉय प्लंकेट यांना १९३८ मध्ये अपघाताने सापडलेले पॉलिटेट्राफ्लुओरोएथिलीन, म्हणजे टेफ्लॉन, जवळजवळ कोणत्याच आम्लाला दाद देत नाही. दुसऱ्या महायुद्धात अणुबॉम्बच्या प्रकल्पात युरेनियम हेक्साफ्लुओराइडसारखा दाहक वायू हाताळताना त्याचा झडपांत आणि सांध्यांत उपयोग झाला होता. मात्र टेफ्लॉन पुन्हा पुन्हा वाकवले की थकते, म्हणून पडद्याची द्रवाकडची बाजू टेफ्लॉनची आणि पाठीला रबराचा आधार, अशी जोडरचना रूढ झाली. पॉलिव्हिनिलिडीन फ्लुओराइड, म्हणजे पीव्हीडीएफ, हा पदार्थ १९६० च्या दशकात बाजारात आला आणि त्याने तापलेल्या आम्लांसाठी प्लॅस्टिकची मर्यादा शंभर अंशांच्या पुढे नेली.

या पदार्थांनी धातूला सर्वत्र हटवले असे समजणे मात्र चुकीचे ठरेल, आणि ते का चुकीचे आहे हे रसायनीच्या उदाहरणावरून सर्वांत स्पष्ट होते. हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सचा कारखाना नायट्रोबेंझीन आणि त्यापासून ॲनिलीन बनवत असे, आणि त्यासाठी बेंझीनवर नत्राम्ल व गंधकाम्ल यांच्या मिश्रणाची क्रिया घडवावी लागते. तीव्र गंधकाम्ल साध्या पोलादात ठेवता येते, कारण पोलादावर लोहसल्फेटचा थर जमून पुढची झीज मंदावते. तेच आम्ल क्रियेत पाणी शोषून सौम्य झाले की पोलादाला झपाट्याने खाऊ लागते. म्हणजे एकाच आम्लासाठी कारखान्याच्या दोन टोकांना दोन वेगळ्या झडपा लागतात. नत्राम्लाचे वागणे हायड्रोक्लोरिक आम्लाच्या उलट : त्या आम्लात टिकणारे पॉलिप्रॉपिलीन तीव्र नत्राम्लाच्या प्राणवायू देण्याच्या गुणामुळे ठिसूळ होऊन तडकते, आणि हायड्रोक्लोरिकपुढे हार मानणारे स्टेनलेस स्टील सौम्य नत्राम्लात मात्र निर्धास्त उभे राहते. याच कारखान्यात नायट्रोजन टेट्रॉक्साइडही बनत असे, जे भारताच्या अग्निबाणांच्या द्रव इंधनावर चालणाऱ्या टप्प्यांत ज्वलनाला प्राणवायू पुरवते. पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यात लागणाऱ्या या द्रवाच्या वाटेवर सर्वसाधारण प्लॅस्टिकच्या झडपेला जागा नाही.

साधी पीव्हीसीची झडप सुमारे साठ अंशांपर्यंत आणि पॉलिप्रॉपिलीनची ऐंशी-नव्वद अंशांपर्यंत भरवशाची असते. तापमान वाढले की ती सोसू शकते तो दाब उतरत जातो. उन्हात वर्षानुवर्षे राहिलेले प्लॅस्टिक कडक आणि पांढुरके होते. बिडाच्या झडपांवर हात बसलेला कामगार चाक सवयीने करकचून आवळतो, आणि तेथेच पडदा कापला जातो किंवा देहाला तडा जातो. मऊ पडद्याला जितक्यास तितका दाब पुरतो, ही गोष्ट शिकणे म्हणजे एका अर्थी हाताची जुनी सवय मोडणे होते. पडदा ठरावीक काळाने बदलावाच लागतो, आणि तो कोणत्या रबराचा आहे हे द्रवानुसार ठरवावे लागते. दिसायला सगळे पडदे काळेच असल्यामुळे भांडारातील नोंद चुकली तर झडपही चुकते. या बारीक गोष्टींवरच या झडपेचे खरे यश किंवा अपयश अवलंबून असते, आणि म्हणून तिच्या प्रसारात देखभाल करणाऱ्या फिटरचा वाटा संशोधकाइतकाच मोलाचा मानला पाहिजे.

१९८० च्या दशकात या झडपेकडे पाहण्याची दृष्टी बदलण्यास भोपाळची वायुगळतीची दुर्घटना कारण झाली. डिसेंबर १९८४ मधील त्या रात्रीपर्यंत पाझर हा बहुतांशी देखभालीचा आणि खर्चाचा प्रश्न मानला जाई. त्यानंतर तो माणसांच्या जिवाचा प्रश्न म्हणून कायद्यात आला. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, १९८७ मध्ये कारखाना अधिनियमात झालेली दुरुस्ती आणि घातक रसायनांची निर्मिती व साठवण यांविषयीचे १९८९ चे नियम यांमुळे धोकादायक पदार्थ कोठे आहे, किती आहे आणि तो कसा कोंडून ठेवला आहे, हे कारखान्यांना कागदावर दाखवावे लागू लागले. पाताळगंगेच्या काठी याच काळात उद्योग वाढत होते. रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना १९८२ मध्ये सुरू झाला होता. ग्लँड नसलेली, आतून-बाहेरून न गंजणारी झडप आता केवळ स्वस्त पडते म्हणून नव्हे, तर तपासणीत टिकते म्हणूनही निवडली जाऊ लागली.

तिने कामगाराला दिलेले संरक्षण खरे आहे आणि ते कमी लेखता येणार नाही. परंतु झडप फक्त नळाच्या आतल्या द्रवाची जबाबदारी घेते. नळाच्या शेवटी काय होते, हे तिच्या हाती नसते. पिकलिंगच्या टाकीतील आम्ल काही काळाने लोहाने भरून निकामी होते, पडदे सुस्थितीत असले तरी ते कोठेतरी सोडावेच लागते, आणि ज्या नदीला वीजगृहाने बारमाही केले तीच नदी कारखान्यांच्या सांडपाण्याचीही वाट झाली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये तयार केलेल्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत पाताळगंगेचे नाव आहे. नदीकाठच्या गावांनी या पाण्याची जी किंमत मोजली, ती कारखान्यांच्या हिशेबात कधी पुरेशी धरली गेली नाही.

मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रसायनीचा हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सचा कारखाना बंद करण्याचा निर्णय घेतला. नायट्रोजन टेट्रॉक्साइडचे संयंत्र तेवढे अंतराळ संशोधन संस्थेकडे सोपवण्याचे ठरले. खोऱ्यातील इतर अनेक कारखाने चालू आहेत, आणि त्यांच्या सांडपाणी शुद्धीकरणाच्या जागी, जेथे आम्लधर्मी पाण्यात चुना किंवा कॉस्टिक सोडा आणि अल्कधर्मी पाण्यात आम्ल सोडून दोहोंचा गुण मारला जातो, तेथे मापाने रसायन सोडण्याचे काम आज पीव्हीसीच्या किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या देहाची, हातभर लांबीचीही नसलेली पडद्याची झडप करते.